मोकळा खुंटा

अर्ज कन्नडमधला, तीन पानी.
प्रश्न मराठीत विचारायचे,
उत्तरं परत कन्नडमध्ये लिहायची, असा हुकूम
खानापूरच्या सरकारी दवाखान्याचा.
हेमाडग्याच्या पुढं बस जिथून मागं फिरते
तिथून दोन तास चालत गवळीवाडा.

प्रश्न सातवा : संकटानंतर पूर्ववत होण्याची आपली क्षमता,
एक ते पाच.
सागूबाई झोरेनं कानावरचा पदर मागं सारला.
"क्षमता म्हंजे काय गा? मोजायची असत्या व्हय?"

गेल्या शिमग्यात मोरीला मोठ्या जनावरानं नेलं.
गाभण होती.
साहेब आला, फोटो काढला, काहीतरी लिहिलं,
हिनं अंगठा दिला.
मग?
"मग काय. खुंटा मोकळा पडला."

पुढचं मी समासात लिहीत गेलो, चौकटीत मावेना :
खुंटा तिसरी रात्र मोकळा राहू द्यायचा नाही.
कुणीतरी आपली दुभती आणून बांधतं.
का आणली, विचारायचं नाही.
कधी नेणार, तेही नाही.
हिशोब ठेवला तर दूध नासतं, सासरा म्हणायचा.
"खोटं असंल. पण हिशोब करून कुणी बघिटलं नाही."

यमकरांची म्हैस आली ती पहिल्याच सांजेला
लाथ मारून चरवी उलटवून मोकळी.
आठ दिवस तिनं पान्हा चोरला,
आणि सागूबाईनं बोलणं.

"काय लिवूलास एवढं?"
काही नाही, म्हटलं. पान उलटलं.
प्रश्न अकरावा : जवळच्या व्यक्तीचा मृत्यू.

धाकलू. फोंड्याला गोठ्यावर कामाला.
ओली भिंत, विजेची तार. बावीस वर्षं.
ती चुलीकडं तोंड करून बोलली, तेवढंच.

मी पेन खाली ठेवलं,
आणि विचारू नये ते विचारून बसलो :
त्या खुंट्याला कोण काय बांधणार, बाई?

नाचणीचं पीठ मळण्याचा आवाज.
बराच वेळ तोच.

मग दारात यमकरांचा बिरू,
चपला हातात, पाय चिखलानं भरलेले.
"काकू, आईची भाकरी आजबी करपली. हितंच जेवतो."
सागूबाईनं मागं न बघता ताट ओढलं,
काठाला पोचा आलेलं.
मला म्हणाली,
"दोन वर्षं झाली, त्या बाईला भाकरी जमंना."
हसली नाही.

उतरताना वाट यमकरांच्या दारावरून होती.
बिरूची आई टोपलीत भाकऱ्या रचत होती,
टम्म फुगलेल्या, एकीवरही डाग नाही.
मला बघितलं तसं
घाईनं फडकं ओढलं तिनं टोपलीवर.

सातवी चौकट कोरीच आहे.
दवाखान्यात विचारतील.
सांगेन, पावसानं अर्ज भिजला.