सरकता तरंगा

यशवंत सागरच्या भिंतीपाशी पाणी एकदम खोल.
बांधलेला तरंगा इथे चालत नाही, दादा म्हणतात;
बारा हात तंगूस लोंबकळत फेकलास
तर गळ मागच्या बाभळीला, नाहीतर तुझ्याच कानाला.

म्हणून हा सरकता.
मोरपिसाचा देठ, बुडाशी तारेची कडी,
वर एक मणी, आणि मण्याच्या वर गाठ
लाल दोऱ्याची. आईच्या फॉल-पिकोच्या डब्यातला तो रीळ
ती सोमवारपासून शोधते आहे.

फेकला. शिसं बुडालं.
पीस पाण्यावर आडवं,
कडीतून तंगूस सळसळत खाली,
खाली, अजून खाली.
गाठ येऊन मण्याला अडली की
पीस उभं राहतं,
हजेरीत नाव घेतल्यासारखं.

आज उठेना.
परत फेकला. परत आडवंच.
पलीकडून हातोदचा कालूराम: कुछ लगा क्या?
दादांनी नुसती मान हलवली.
शिसं तळाला टेकतंय, मला म्हणाले,
गाठीला थुंकी लावली, नखाने गळाकडे ओढली:
एक हात. दोन.
अडीचला पीस उठलं.

भिंतीवर पाण्याचे आकडे रंगवलेत,
तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मासा नाहीच. घरी आई बादल्या भरत होती.
"किती उतरलं?"
दादांनी दोन्ही हात पसरले, मग अर्धा.
तिने नळ बारीक केला.
मग त्यांच्या नखात अडकलेला
लाल धागा ओढून काढला,
उजेडात धरला.
"आणि हा?"