शून्य वाजता

तारखेचा शिक्का माझ्या हातात असतो.
इंचॉनमधल्या एका वॉर्डाचं कार्यालय, खिडकी क्रमांक तीन,
फी सहाशे वॉन.
शिक्क्याला रबरी पट्ट्या: वर्ष, महिना, दिवस.
तासाची पट्टी नाही.

मेंग ही-जू आली ती अकरा चाळीसला.
कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला,
नखांच्या कडांत प्लास्टर.
करारावर बोट ठेवून म्हणाली, इथेच ना?
आमच्याकडची चॉन्सेची रीत अशी:
दरमहा भाडं नाही,
एकरकमी अनामत द्यायची, दोन वर्षं राहायचं,
निघताना मोजून परत घ्यायची.
नऊ कोटी वॉन.
त्यात आईने विकलेली कालवांची गाडी,
लग्नासाठी साठवलेलं, मग लग्नासाठी न लागलेलं,
आणि उरलेलं बँकेचं.

दिवस तिने पंचांग बघून धरला होता,
भुतं कुठल्याच दिशेला नसतात असा.
त्या दिवशी सामानाच्या गाड्या दुप्पट घेतात.
भुतं नव्हतीच.
घरमालक होता.

मी शिक्का मारला.
झालं? तिने विचारलं.
झालं, मी म्हटलं.
दिवसाला तीसदा म्हणते मी हे,
आणि तीसदा ते अर्धंच खरं असतं.

कारण भाडेकरूचा हक्क उगवतो
दुसऱ्या दिवशी, शून्य वाजता,
आणि बँकेचं तारण
नोंदलं त्याच दिवशी.

तीन वाजून दहा मिनिटांनी घरमालकाने सही केली.
ती तेव्हा पडद्याच्या कड्या मोजत होती.
शिडीच्या ट्रकवरून कपाट चौथ्या मजल्यावर चढत होतं
आणि त्याच खोलीवर, नोंदवहीत, बोजा चढत होता.
आवाज फक्त कपाटाचा.

संध्याकाळी मैत्रिणी आल्या, टॉयलेट पेपरचे गठ्ठे घेऊन,
गुंडाळी सुटते तशी सगळी कामं सुटत जावीत म्हणून.
वर्तमानपत्र पसरून काळ्या सॉसच्या शेवया खाल्ल्या.
गॅस पेटला होता. दाराशी चार जोड बूट होते.
कायद्याच्या लेखी
ती अजून आलेलीच नव्हती.

रात्री बाराला आली. झोपेत.
तोवर रांगेत पुढे बँक उभी होती.

मग एके दिवशी लिफ्टमध्ये कागद चिकटला.
अठ्ठावीस खोल्या, एक मालक, एक बंद फोन.
दलाल म्हणाला, सकाळचा उतारा स्वच्छ होता हो.
खोटं नव्हता बोलत.
सकाळ स्वच्छच होती.

काल ती पुन्हा आली, रहिवासाचा दाखला हवा होता,
फसवणूक झालेल्यांच्या अर्जाला जोडायला.
तिने मला ओळखलं नाही.
मी नखांवरून ओळखलं.
म्हणाली, तुम्हाला रोज बघायला मिळतं म्हणून विचारते,
त्या दिवशी मी आणखी काय करायला हवं होतं?

एक ओळ असते.
करारात लिहून घ्यायची: उद्या उजाडेपर्यंत
मालकाने घर गहाण टाकू नये.
तेव्हाही माहीत होती मला.
सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं,
आणि तिच्यामागे सात जण होते.

चारशे वॉन, मी म्हटलं.
तिने सुटे मोजून दिले.

आज सकाळपासून मी ती ओळ
कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून खिडकीत ठेवते आहे.
साहेबांनी दोनदा उचलून नेल्या.
एका म्हाताऱ्याने एक घेतली, मागच्या कोऱ्या बाजूला
बसचा नंबर लिहिला, आणि गेला.

सहा वाजता खिडकी बंद होते.
पट्ट्या सकाळी फिरवायच्या असा नियम आहे.
मी आत्ताच फिरवल्या, उद्यावर.
कोणाला काही उपयोग नाही.
अंगठ्याला शाई लागली, तेवढीच.