नळी कोण टाकणार

काचेखाली एक कागद आहे,
दर पहिल्या तारखेला बदलतो.
त्यावर नावं, नावांपुढे नंबर,
आणि कडेला पेन्सिलीनं माझ्या खुणा:
कोण पहिल्या रिंगला उचलतं,
कोणाच्या घरी आधी कुत्रं उठतं.

मुंबई नाक्याजवळच्या या इस्पितळात
अकरा वर्षं रात्रपाळीला मी टेलिफोन बोर्डावर बसते.
पेशंट मला दिसत नाही. लाल दिवा दिसतो.
वरून सिस्टर एवढंच म्हणते,
"खैरनारताई, नळी टाकायचीय. लवकर."

लोकांना वाटतं डॉक्टर म्हणजे डॉक्टर,
कोणीही येईल आणि टाकेल.
तळमजल्यावर तातडीचा डॉक्टर असला तर तो टाकतो,
अर्धा चहा स्ट्रेचरच्या कडेला ठेवून.
आयसीयूत तिथलाच, ज्याला झोपेतही मॉनिटर ऐकू येतो.
बाळांच्या खोलीत बाळांचे डॉक्टर;
तिथली नळी म्हणे पेनच्या रिफिलहून जराशीच जाड.
आणि जिथे कोणालाच वाट दिसत नाही
तिथे मी भूलतज्ज्ञांना उठवते.

भूलतज्ज्ञ.
पहिल्या महिन्यात या शब्दाचं मला हसू यायचं.
चुकांचा जाणकार, की विसरण्याचा?

जानेवारी होता. निफाडला दवाचं बर्फ झालं
त्याच आठवड्यातली रात्र.
पुष्पलता आहेर, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त,
नाशिकरोडहून रिक्षातून आणलेल्या.
बीपीच्या गोळीनं जीभ सुजली होती,
तोंडात मावत नव्हती.
खालच्या डॉक्टरांनी दोनदा पाहिलं.
दोन्हीदा नुसती सूज.

दोन सत्तेचाळीस. कोठावदे मॅडम. पहिली रिंग.
"निघाले," त्या म्हणाल्या, आणि मागून किल्ल्या वाजल्या.
"कान-नाक-घसावाल्यांनाही उठवा.
मला नाही जमलं, तर गळ्याला छेद देऊन वाट करावी लागेल."
इंदिरानगर ते इथवर सिग्नल किती,
ते मी त्या रात्री पहिल्यांदा मोजले.

मग बराच वेळ बोर्ड काळा.
वॉचमन बाहेर खोकला, तेवढाच.

तीन वाजून दहा. लाल दिवा.
"गेली," सिस्टर म्हणाली.
माझा हात रिसीव्हरवरच गार पडला.
"अहो नळी! नळी गेली ताई, बरोबर जागी गेली."
एकाच शब्दात मरण आणि श्वास ठेवणारी ही आपली भाषा,
तिला त्या क्षणी मी काय काय बोलले असेन.

मॅडम माझ्या खिडकीसमोरून परत गेल्या,
स्वेटर उलटा, पायांत दोन जातीच्या चपला.
मी हात केला. त्यांना दिसला नसावा.

बारा दिवसांनी बाहेरची लाईन.
आवाज असा, जसा खरखरीत कागद दुमडावा.
नळी आवाजाच्या दोन पडद्यांमधून जाते,
काही दिवस तो असा राहतो, हे मला ऐकून ठाऊक.
"मी आहेर. कार्डावर तीन नावं आहेत,
मोठ्या साहेबांचं सगळ्यात वर.
पण नळी कोणी टाकली होती हो?
मी तर झोपेत होते.
चाळीस वर्षं नोटा मोजल्या मी, बाई,
कोणाचं देणं आहे ते कळलेलं बरं."

मी रजिस्टर मागे चाळलं.
माझंच अक्षर, पेन्सिल पुसट झालेली.
"लिहून घ्या," म्हटलं.
त्यांनी नाव म्हणून पाहिलं. को... ठा...
पुढचं अक्षर घशात अडकलं, मग आलं.

तेवढ्यात शेजारचा दिवा लाल.
"आहेरबाई, लाईनवर थांबा,"
मी म्हणाले, आणि काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं.