बीर सिद्रा, थांबा दोन मिनिटे

आधी विहीर होती.
मग विहिरीशी बोरीचं झाड,
झाडाखाली उंट बसवणारे,
आणि सगळ्यात शेवटी
बंदराकडून रूळ आले, पाइप लादून.
कुणीतरी पाटीवर विहिरीचं नि बोरीचं नाव घातलं,
झालं स्टेशन.

हे मला मातूकने सांगितलं,
जो इथे बत्तीस वर्षं तिकिटं फाडत होता
आणि आता रोज सकाळी
तिकीट नसलेल्या स्टेशनाचं कुलूप काढायला येतो,
संध्याकाळी लावायला.
पगार नाही. किल्ली आहे.

मी वाळूच्या टोळीतला.
कागदावर हुद्दा लांबलचक, काम एकच:
रात्री वाऱ्याने रुळावर जे आणून टाकलं
ते गाडीच्या आधी उचलायचं.
डोंगर नाही हलवत,
डोंगराचा रोजचा हप्ता हलवतो.
वडील कान्हेगावला सांधेवाले होते,
रुळांतलं गवत उपटून त्यांची नखं गेली.
फोनवर सांगितलं तर म्हणाले,
वाळू बरी रे. तिला मुळं नसतात.

मातूक बोटांवर मोजतो
गाडीने काय काय दिलं ते:
विहीर आटल्यावर मंगळवारचा पाण्याचा डबा,
तोही मचूळ;
गोणपाटातला बर्फ, येईस्तोवर निम्मा;
उन्हाळा सरताना खजुराचे करंडे
हुफूफच्या बाजाराला;
बकरीला अर्धं तिकीट, करडू फुकट.
आणि एक बाळंतीण,
जिच्यासाठी दोन मिनिटांची चाळीस झाली
आणि मुलगा झाला की मुलगी
हे गार्डाने पुढच्या तीन स्टेशनांना कळवलं.
(मुलगी. आता दम्मामला शाळेत शिकवते.)

पुढे मार्ग सरळ केला.
आता दिवसाला अकरा गाड्या जातात,
एकही थांबत नाही.
मातूक अकराही वेळा उभा राहतो.

पहिल्या दिवशी भिंतीवरचं वेळापत्रक वाचून
मला हसू फुटलं.
यांचा पाच म्हणजे आपलं शून्य,
तस्सं गोल.
रियाधला जाणारी पाच पंचावन्नची गाडी
मला दिसली शून्य वाजून शून्य शून्य मिनिटांची.
मातूकला समजावलं तेव्हा तो हसला नाही.
म्हणाला, आता बरोबर आहे.

मग त्याने कपाट उघडलं.
वाळवीने कडा खाल्लेलं रजिस्टर,
हिजरी तेराशे सत्त्याण्णव,
पानंच्या पानं ते गोल पाच,
आणि मध्येच एका ओळीत
५.५५
आपल्या वळणाचं. खोडलेलं, पण हलक्या हाताने.
म्हटलं असेल कुणी बिहारचा, नेपाळचा,
आकड्याला काय, तो कुणाचाही.
पण पुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता:
खोळंबा.

कोण होता हा?
सहा महिने होता. नाव गेलं डोक्यातून.
झोपेत मोजायचा.
कुठल्या भाषेत?
मातूक म्हणाला, झोपेच्या.

त्या आठवड्यात तीन दिवस वारा पडला नाही.
तिसऱ्या दिवशी मालगाडी आली
आणि आमच्या वाळूपुढे उभी राहिली,
बीर सिद्राच्या फलाटाला,
कितीतरी वर्षांनी.
आम्ही चौदा जण फावडी घेऊन,
सुक्कुरचा शाहनवाज शिव्या देत,
आणि चालक खाली उतरून विचारतोय, इथे पाणी मिळतं का?
मातूकने खिडकीची फळी वर केली.
आतून पेला सरकवला,
मग हाताने खूण केली, थांब,
आणि पेल्यापाठोपाठ
एक फाडलेलं तिकीट.

मी शब्द शिकवला त्याला.
ळ त्याच्या जिभेला सापडत नाही.
ख़ोलंबा, म्हणतो तो,
चहा उशिरा आला की,
माझा पगार लांबला की,
आणि कधी काहीच कारण नसताना,
अकरावी गाडी गेल्यावर,
कुलपात किल्ली घालून, न फिरवता.