रोहण्याचं एक तिकीट

रात्री दोन वाजता मामंजी उठतात,
खुंटीवरची पिशवी खांद्याले लावतात,
खाटेपाशी येऊन विचारतात :
कुठं जायचं बाई?

आधी मी सांगायची, हे घर होय मामंजी,
तुमचं रिटायर होऊन सोळा वर्षं झाली.
सांगून सांगून घसा बसला.
ते पुटपुटायचे, विदाऊट दिसते.

रविवारी नणंदेचा फोन येतो अमरावतीहून.
तीन मिनिटं कसे नीट बोलतात,
तुरीचा भाव सांगतात, जावयाचा गुडघा विचारतात.
मंग ती मले म्हणते, बाबा तर बरे आहेत वहिनी,
तुमचीच चिडचिड होते.

काल मी ओरडली. खरंच ओरडली.
शेजारी ढोबळ्यांकडे लाइट लागला.
मामंजी पिशवी छातीशी धरून
भिंतीले चिकटलेले,
कॅश कमी भरलेल्या नव्या कंडक्टरवानी.

आज मीच म्हटलं : रोहणा. एक फुल.
माहेराचं नाव किती दिवसांनी तोंडात आलं.
त्यांनी लाइटबिलाचा कोपरा फाडला,
नखानं टोचला, हातात दिला.
सुट्टे मागून देतो म्हणाले.
मंग वाकून, हळूच :
झोप बाई तू, लय दूर आहे अजून.
गाव आलं की उठवतो मी.