नावापुरती जागा

रविवारी रात्री साडेअकराला
मी एका पाणमांजराचं चित्र उचललं.
उचललं म्हणजे काय, समोर दिसलं, घेतलं.
बाहेर वाऱ्यानं इंगाच्या कचराडब्याचं झाकण
कुंपणापलीकडे मेंढ्यांत नेऊन टाकलं होतं,
सकाळी तिसरीला शिकवायचे होते
'आपल्या किनाऱ्यावरचे प्राणी',
आणि चहा कधीचा गार.

चित्र देखणं. ओल्या मिशा, पंजात खेकडा,
मागे येल बेटाचा तो राखाडी उजेड
ज्यात आमच्या शेटलंडची दुपारसुद्धा
नुकतीच उठल्यासारखी दिसते.
खाली कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत
कुणाचं तरी नाव.
ते नेमकं आडवं येत होतं,
कारण तिथंच मला लिहायचं होतं

नाव : ________   दिनांक : ________

बोटभर वर कापलं.

दहा वर्षं मीच सांगत आलेय वर्गाला :
नाव नसलेला कागद मी तपासत नाही.

मग तो कागद शिक्षकांच्या सामायिक कपाटात टाकला.
कपाट आपलं म्हणायचं, त्याला ना दार ना कडी.
दिल्यानं वाढतं म्हणतात. वाढला.
लरविक, अ‍ॅबरडीन, मग कुठल्या कुठे,
चार हजार वेळा कुणी कुणी उतरवून घेतला,
खाली आभार, बदाम, टाळ्या वाजवणारे हात.
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून
मी दानशूर झाले.

मेमध्ये पत्र आलं. लीड्सची कुठलीशी एजन्सी.
तीनशे चाळीस पौंड.
पत्रात माझं नाव तीनदा, ठळक.

हलक्रो सर चष्मा पुसत म्हणाले,
"चार भिंतींत कायदा थोडं झाकून घेतो, रोडा.
तू भिंतीच काढल्यास."

मी भांडले. मी काय विकलं का?
पाणमांजर त्याचं आहे का?
पाणमांजर समुद्राचं, खेकडा पाणमांजराचा,
उजेड तर कुणाच्याच बापाचा नाही.
मग त्याचं त्यात होतं काय?
हे विचारलं जोरात, खरं,
पण माशाच्या काट्यासारखं ते
माझ्याच घशात राहिलं.

शोधलं त्याला. एका फेरीच्या अंतरावर राहतो,
गिल्बर्ट इसबिस्टर,
पूर्वी सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला.
मी चार पानं माफी लिहिली.
त्यानं पोस्टकार्ड पाठवलं :

"अकरा पहाटा शेवाळात पोटावर पडून होतो.
बाराव्या पहाटे ती आली.
पैशांचं त्या लोकांशी बोलतो, निम्मे तरी सोडतील.
पण तिसऱ्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय, 'तो काय खातो?'
ती मादी आहे.
आधी ते दुरुस्त करा."

केलं दुरुस्त. माझ्याकडचं.
त्याचं नावही परत लावलं, चांगलं मोठं.
बाकी चार हजार घरी
ती अजून 'तो' आहे, आणि निनावी.

ऑगस्टमध्ये ऑर्कनीच्या एका बाईनं
माझाच कागद मला पाठवला, "उपयोगी पडेल बघा."
खाली मी माझं नाव घातलं होतं, बारीक.
ते नव्हतं.
मला राग आला. मग हसू आलं.
मग, खोटं कशाला सांगू, परत राग.

आता पाणमांजर पोरंच काढतात.
मॅग्नीचं म्हणजे उकडलेल्या बटाट्याला
मिशा फुटल्यात.
नाव त्यानं पोटावर लिहिलंय,
या कानापासून थेट शेपटीपर्यंत,
कुठूनही कापा, थोडा मॅग्नी उरतोच.

"इथं का रे लिहिलंस?"

"इथंच जागा होती, मिस."