दोन चिठ्ठ्या

ऐरोली, सेक्टर पाच. शाळेचा हॉल, रविवारी सकाळपुरता आमचा.
फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक अर्धवट पुसलेले,
त्यांच्या खाली मतं:
शांतवन भांबळ एकेचाळीस,
सुवार्ता ओहोळ एकेचाळीस.
सुवार्ता म्हणजे मी.

वाद आधीच झाला होता, शब्दावरून.
मंडळीचा वडील निवडायचा, तर बाई वडील कशी?
वडील म्हणजे बाप, कुणीतरी म्हणालं,
हिला काय वडिलीण म्हणायचं? मागच्या रांगेत हसू.
रूथमावशी पलघडमल, कानांनी अधू,
पण नेमकं तेवढंच ऐकू आलं त्यांना.
म्हणाल्या, वडीलधारी म्हणा की.
त्यात कुठं बाप्या-बाई असतं?
मग सगळे घड्याळाकडे बघू लागले.
साडेबाराला कराटेवाले येतात.

पाळक म्हणाले, पहिल्या मंडळीनं केलं तसंच करू.
माडीवरच्या त्या खोलीत एक जागा रिकामी होती,
का रिकामी झाली ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.
दोघांना उभं केलं, डोळे मिटले, चिठ्ठ्या टाकल्या.
आम्हीही टाकल्या, दानाच्या थैलीत,
चौकटीच्या वहीचा कागद, चार घड्या.
पुढचे दात पडलेली तबिथा
कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिली,
जणू तळाशी अजून काही आहे.

शांतवन निघाला.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या,
जरा जास्तच.

संध्याकाळी खाडीकडे गेले. ओहोटी होती.
चिखलात फ्लेमिंगो, माना खाली घालून,
कुणी पुढं, कुणी मागं.
त्यांच्यात पुढारी कोण, मला शोधता येईना,
आणि मी ते शोधत होते याची लाज वाटली.

पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गात विचारलं,
माडीवर चिठ्ठी कुणाची निघाली?
सगळे हात वर.
आणि दुसरा कोण होता?
त्या माणसाला तीन तीन नावं होती,
एकही कुणाला आठवेना.
तबिथा म्हणाली, मग तो रडला का?
लिहिलेलं नाही, बाळा.
मग घरी गेला?
तेही लिहिलेलं नाही.

रात्री चष्मा लावून पानं उलटत बसले.
पन्नास वर्षं वाचतेय, आणि आज दिसलं:
ज्याची चिठ्ठी निघाली
त्याचंही नाव पुन्हा येत नाही.
बाराव्या जागेवर बसला आणि शाईतून गेला.
थोडं पुढं विधवांच्या वाटपावरून कुरबुर आहे,
आमच्याकडच्यांना कमी, तुमच्याकडच्यांना जास्त.
म्हणजे कुणीतरी भाकऱ्या मोजत होतं.
कोण, ते सांगितलेलं नाही.

शनिवारी शांतवनचा फोन.
आक्का, हॉलची किल्ली तुमच्याकडं ना?

दिली असती.
पण ते कुलूप नुसत्या किल्लीनं उघडत नाही.
दार तसूभर वर उचलायचं,
किल्ली आत घालून केसभर मागं ओढायची,
मग डावीकडं, घाई न करता.
बावीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
विसरले म्हणून नव्हे.
पावसापाण्यात सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी राहून
मी येण्याची वाट बघते,
मला बघून सरकते,
ते मला आवडत होतं.
हे प्रार्थनेतसुद्धा बोलले नव्हते कधी.

सकाळी सातला आम्ही दोघंच दारापुढं.
त्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा, काखेत रजिस्टर,
माझ्या हातात प्रभुभोजनाच्या भाकरीचा डबा, अजून कोमट.
उचल, मी म्हणाले. आणखी. आता ओढ.
नाही जमलं.
माझा हात आपोआप पुढं गेला, मी तो डब्यावर ठेवला.
परत उचल.

तिसऱ्यांदा उघडलं.
आत तीच कोंदट हवा, रचलेल्या खुर्च्या,
फळ्यावर नवे अपूर्णांक.
डस्टर कुणीतरी वरच्या खिळ्याला अडकवलेलं,
मला स्टूल घ्यावं लागतं.
त्याचा हात पोचला.